जपानी साधेपणा आणि आपले स्वयंपाकघर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, शेतमालाच्या भावाचा प्रश्न यावा. आणि येथे घरे बांधणारा एक मनुष्य उठून स्वयंपाकघराविषयी, तेही जपानी धाटणीच्या, बोलू पाहतो आहे. मी विषय निवडला याचे कारण पुस्तकी नाही. ह्याच आपल्या धामणगाव बढे येथे एका घरी मला नवे स्वयंपाकघर करून देण्यास सांगण्यात आले आणि त्या कामाने मला पुष्कळ गोष्टी नव्याने शिकवल्या. त्या आपल्यापुढे ठेवाव्या, एवढाच हेतू आहे.

त्या घरचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. कंपनीच्या कामानिमित्त तो काही महिने जपानात राहून आला. आईवडिलांसाठी गावी नवे घर बांधायचे ठरले तेव्हा त्याने मला मोबाइलवर काही छायाचित्रे पाठवली. फिकट लाकडाच्या भिंतीसारखी सपाट कपाटे, त्यांना मुठी नाहीत; लांबलचक रिकामा ओटा, त्यावर एकच मातीचे भांडे आणि त्यात एक डहाळी. पैशाची अडचण नव्हती. "खर्चाकडे पाहू नका, पण असेच पाहिजे," असे त्याचे म्हणणे. मी ती चित्रे त्याच्या आईस दाखवली. काकूंनी चष्मा लावून ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, हे लय साजरं हाय. पण हे लोक सयपाक कुठं करतेत?"

आजचे सगळे व्याख्यान त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

प्रथम हा जपानी रिकामेपणा आला कोठून ते पाहू. ज्या पंथाच्या शिकवणुकीतून त्याला बळ मिळाले त्याचे नाव झेन. हा शब्द चिनी 'चान' वरून आलेला आणि 'चान' हा आपल्या 'ध्यान' शब्दावरून. म्हणजे शब्द तरी आपल्याच घरून गेलेला आहे. आपल्या दक्षिणेस जी अजिंठ्याची डोंगररांग आहे तिच्यातील लेणी आपण पाहिली असतील. बहुतेक जण चित्रे पाहून परत येतात. पण १२ क्रमांकाच्या लेण्यात जाऊन भिक्षूंच्या खोल्या पाहाव्यात. काळ्या पाषाणात कोरलेली छोटी खोली, निजावयास दगडाचेच दोन ओटे, आणि बाकी काही नाही. रिकाम्या जागेचे ज्याला आकर्षण आहे त्याने जपानला जाण्यापूर्वी तेवढा फेरा अवश्य करावा. इ. स. १९१७-१८ मध्ये आराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी तेथे आला होता. तेव्हा त्या देशाचे आणि ह्या डोंगराचे नाते काही आजचे नव्हे.

जपानात ह्या वृत्तीला घराचे रूप आले ते चहाच्या खोलीत. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचा चहाविधीचा आचार्य होऊन गेला (१५२२-१५९१). क्योतोजवळ यामाझाकी येथे 'ताइआन' नावाची चहाची खोली आहे, ती त्याची म्हणून सांगतात. ही खोली केवढी? दोन चटयांची! जपानी तातामी चटई साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब. तेव्हा दोन चटया म्हणजे आपले छत्तीस चौरस फूट, एखाद्या मध्यम देवघराएवढी जागा. मातीच्या भिंती, बांबू, साधे लाकूड, छोट्या कागदी खिडक्या. त्या काळी जपानातील सरदार सोन्याने मढवलेल्या दालनांत चहा घेत असता ह्या माणसाने मातीच्या भिंतीला प्रतिष्ठा दिली. साधेपणा हा तेथे गरिबीतून आला नव्हता, तो समजून उमजून पत्करलेला होता, हे ध्यानात ठेवावे. आणि म्हणूनच तो पैसेवाल्यांनाही मोह घालतो.

आता काकूंचा प्रश्न. चहाच्या खोलीत काही दिसत नाही, मग सामान असते कोठे? त्या खोलीच्या मागे 'मिझुया' नावाची एक छोटी जागा असते. मिझु म्हणजे पाणी. तेथे बांबूच्या पट्ट्यांची जाळी बसवलेली मोरी असते, म्हणजे भांडे विसळले की पाणी खाली निघून जाते. वर फळ्या, बाजूस खुंट्या. कोणत्या फळीवर काय, कोणत्या खुंटीवर काय, हे सर्व ठरलेले. पुढच्या खोलीतील शांतता ही मागच्या मिझुयामधील शिस्तीवर उभी असते. जे लोक मासिकातील चित्रे पाहून स्वयंपाकघर मागतात त्यांनी चहाची खोली पाहिलेली असते, मिझुया पाहिलेले नसते. ह्या एका अज्ञानापायी किती रुपये वाया जातात ते मी आपणांस थोड्या वेळात सांगतो.

आपल्याकडेही मिझुया होतेच. कोठीची खोली, फडताळे, भिंतीतील कोनाडे, आढ्याला टांगलेले शिंके, मडक्यांची उतरंड. जुन्या धाब्याच्या घरात चुलीवर उजेड पडावा आणि धूर निघून जावा म्हणून धाब्यातच भोक ठेवीत, त्याला सवणे म्हणत. धान्य कणगीत, पाणी रांजणात. स्वयंपाकाला बसणाऱ्या बाईसमोर त्या घटकेस लागणारे तेवढेच असे: परात, काठवट, तवा, मिसळणाचा डबा. तिने चुलीभोवतीची जागा सारवून ठेवली की त्या जागेत आणि रिक्यूच्या चटईत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. फरक एवढाच की रिक्यूवर ग्रंथ लिहिले गेले.

पण येथे एक सावधगिरी पाहिजे. जुने ते सगळे गोड, असा भ्रम मला पसरवावयाचा नाही, आपल्याकडील जुन्याविषयी नाही आणि जपानातील जुन्याविषयीही नाही. जुन्या जपानी घरातील स्वयंपाकाची जागा म्हणजे 'दोमा', बडवलेल्या मातीची खोलगट जमीन. उरलेले घर फूट-दीड फूट उंच, लाकडी, चटया अंथरलेले. स्वयंपाक करणारी मात्र खाली, मातीवर, थंडीत, धुरात. पाहुण्यांच्या खोलीस दक्षिणेचे ऊन आणि बागेचे दृश्य. स्वयंपाकास बहुधा उत्तरेची अंधारी बाजू. हामागुची मिहो ह्या जपानातील पहिल्या स्त्री वास्तुशिल्पी समजल्या जातात. त्यांनी १९४९ साली एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच मुळी 'जपानी घरांतील सरंजामशाही' अशा अर्थाचे आहे. घराची रचना ही माणसांची उतरंड कशी दाखवते, आणि त्या उतरंडीत तळाशी कोण, हे त्यांनी उघड करून दाखवले. पुढे १९५५ मध्ये जपान सरकारने घरबांधणी महामंडळ स्थापले आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशात हजारोंनी लहान घरे उठू लागली, त्या वेळी स्वयंपाक आणि जेवण एकाच उजेडाच्या खोलीत आणण्याची योजना झाली. तिला जपानी लोक आजही 'डायनिंग किचन' याच नावाने ओळखतात. स्टेनलेस स्टीलची मोरी त्या ओट्यात आली. ह्या कामात हामागुचीबाईंचा वाटा होता. मासिकातील देखण्या चित्रामागे हा झगडा आहे. उत्तरेच्या अंधारातून ती बाई उजेडात आली ही त्या देशातील स्वयंपाकघराची खरी सुधारणा. लाकूड आणि डहाळी मागाहून आली.

युरोपातही ह्यापूर्वी असाच एक प्रयत्न झाला. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की हिने फ्रँकफुर्ट शहरासाठी सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसले. आजच्या 'मॉड्युलर किचन'ची ती आजी. तिच्याविषयी अधिक सांगत नाही, कारण त्या रचनेत एकच बाई एकटी उभी राहून काम करील असे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे पुरणपोळ्यांच्या दिवशी चार जणी असतात.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी मी असेच एक झकपक स्वयंपाकघर केले. सगळे सामान सपाट दारांमागे दडवले. मुठी नाहीत, दार दाबले की उघडते. पांढरा ओटा, पांढऱ्या भिंती. सर्वांनी वाहवा केली, मीही खूष. वर्षाने सहज त्या घरी गेलो तर स्वयंपाकघर अगदी जसेच्या तसे, एक डाग नाही. मला अभिमान वाटला. चहा आला, आणि तो मागील दारातून आला. मागे पाहतो तो काय, पत्र्याचे एक छप्पर काढलेले, खाली दोन शेगड्या, भिंत काळीकुट्ट, वैशाखाच्या उन्हात पत्रा तापलेला, आणि त्याखाली घरची सून ठेच्यासाठी मिरच्या भाजते आहे. "आतलं खराब होते नं भाऊ," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. मी आत श्रीमंत स्वयंपाकघर बांधले आणि बाहेर, नकळत, जपानी दोमा बांधून दिला.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. सामान मागे जावे, माणूस मागे जाऊ नये. कोठी दडवावी, स्वयंपाक करणारी व्यक्ती घरातील सगळ्यांत चांगल्या उजेडाच्या, चांगल्या वाऱ्याच्या जागी असावी. श्रीमंती करावयाची तर तेथे करावी.

हा नियम धरला की धुराचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. जपानी स्वयंपाकात उकडणे, वाफवणे पुष्कळ, आपल्याकडे फोडणी. तेल तापले, मोहरी तडतडली, लाल मिरची पडली की त्याचा खकाणा घरभर. वांगे भाजणे, रोडगे भाजणे, काळ्या मसाल्यासाठी खोबरे-कांदा भाजणे, ही सगळी कामे उघड्या चित्रातील स्वयंपाकघराला अमान्य आहेत. आणि धूर ही केवळ भिंत काळी होण्याची गोष्ट नव्हे. घरातील सरपण-कोळशाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेडोपाडी आला हे चांगलेच झाले. पण गॅस आला म्हणजे हवेची काळजी संपली असे नाही. एक किलो गॅस जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते आणि त्यातून दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. बंद खोलीत ही वाफ लाकडात, भिंतीत मुरते. मग दारे फुगतात आणि सुताराला शिव्या बसतात!

उपाय फार अवघड नाही. गरम हवा वर जाते, तेव्हा तिला वर वाट द्यावी आणि थंड हवेस खालून, सावलीच्या बाजूने, वाट द्यावी. शेगडीच्या माथ्यावर छत थोडे उंचावून दोन्ही बाजूंस झडपा ठेवल्या म्हणजे जुने सवणेच नव्या रूपात परत येते, फक्त पाऊस आत येत नाही. शिवाय धूर ओढणारी यांत्रिक चिमणी बसवावी. ती मात्र नळीने थेट बाहेर जाणारी असावी. जाळीतून हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या चिमण्या मिळतात. फोडणीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

आणि सिलिंडर. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. 'काही दिसू नये' या हव्यासापायी लोक सिलिंडर घट्ट कपाटात कोंडतात. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि कोंडलेल्या कपाटात तर साचतोच. दिव्याचे बटण दाबल्यावर उडणारी ठिणगी त्याला पुरे होते. तेव्हा सिलिंडर उभा, शक्य तर घराबाहेर सावलीच्या, हवेशीर जागी असावा आणि नळी भिंतीतून आत घ्यावी. आतच ठेवणे भाग असेल तर कपाटाच्या दारास आणि भिंतीस अगदी तळाशी मोकळ्या पट्ट्या ठेवाव्या. चित्रात त्या शोभणार नाहीत, न शोभोत.

आता सामग्रीकडे येऊ, कारण विषयाचा रसाळ भाग तो आहे. मुलाच्या मनात फिकट जपानी लाकूड होते. तेथे हिनोकी नावाचे सुवासिक लाकूड वापरतात. ते मागवून धामणगाव बढे येथे बसवणे म्हणजे पैसे असल्याची जाहिरात, दुसरे काही नाही. रिक्यूने जवळची माती आणि जवळचा बांबू घेतला, हा त्याचा धडा. त्याचे लाकूड हा धडा नव्हे. ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात 'गोलकोंड' नावाची निवासाची इमारत आहे. जपानात वर्षानुवर्षे काम केलेल्या अँटोनिन रेमंड याने ती आखली आणि त्याचा सहकारी जॉर्ज नाकाशिमा १९३७ ते १९३९ ह्या काळात तेथे राहून काम पाहत होता. हाच पुढे अमेरिकेत लाकूडकामासाठी प्रसिद्ध झाला. दोघांची जपानी दृष्टी. पण जमिनीस वापरला काय? काळा कडप्पा! दारे सागवानी, सरकती, पट्ट्यापट्ट्यांची, म्हणजे आडपडदा राहतो आणि वारा खेळतो. दरवाज्यांच्या मुठी वगैरे आश्रमातील जुनी पितळी भांडी वितळवून ओतल्या. आपल्या आईच्या ओट्यावरचा कडप्पा आणि आजीच्या घंगाळाचे पितळ, ह्यांतून जपानी शांतता साधली गेली.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच. अलिबागच्या दक्षिणेस नांदगाव येथे बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने २००७ साली नारळाच्या वाडीत एक घर पुरे केले. 'पाल्मिरा हाऊस' हे त्याचे नाव. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, भिंतींच्या जागी ताडाच्या खोडाच्या आडव्या पट्ट्या, आणि दगड तेथलाच, काळा. सांधे खाच आणि खुंटी घालून, आपले सुतार पूर्वी करीत तसे. त्यांच्या कामाचे प्रदर्शन २०१२ साली खुद्द तोक्यो येथे भरले होते. कोकणात ताड आणि ऐन. मग आपल्याकडे काय? आपल्याकडे सागवान, काळा पाषाण, चुना आणि जवस. एवढे पुष्कळ झाले.

सागवानात मूळचे तेल असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहसा लागत नाही. पण हे फक्त गाभ्याच्या लाकडाविषयी खरे आहे. सालीलगतचा पांढरा भाग वाळवी आवडीने खाते, आणि नव्या, लवकर वाढवलेल्या सागात हा पांढरा भाग जास्त असतो. म्हणून मी जुन्या मोडक्या घरांचे सागवान शोधतो. तुळ्या, खांब, दारांच्या चौकटी. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले लाकूड आता आणखी वाकणार नाही. काकूंच्या घरी त्यांच्याच जुन्या धाब्याच्या तुळ्या निघाल्या, त्या चिरून कपाटांच्या चौकटी झाल्या. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात हवा भट्टीसारखी कोरडी आणि श्रावणात ओलीचिंब. लाकूड रुंदीत आकसते-फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. ह्यासाठी दाराची फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवावी, सरस लावून जखडू नये. बाजारी कपाटे बहुतेक लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या तक्त्यांची असतात. वरचा मुलामा सुरेख, पण मोरीखाली पाणी शिरले की तक्ता पावासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. मोरीखाली तरी ती वापरू नयेत.

लाकडाला चकाकणारे पॉलिश न देता जवसाचे तेल द्यावे. जवस आपल्या विदर्भातलेच पीक. हे तेल नुसते सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडात घट्ट होते. पातळ हात देऊन, पुसून, दोन-तीन दिवस जाऊ देऊन पुन्हा द्यावा. डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येते, सगळे दार उतरवावे लागत नाही. मात्र तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. प्राणवायू घेताना ऊब तयार होते, ती बोळ्यात कोंडते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या. माझ्याकडच्या सुतारांना मी हे रोज सांगतो.

ओट्याचा दगड निवडताना काकूंनी मला एक परीक्षा दिली. त्यांनी स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू आणले आणि माझ्या नमुन्यांवर एकेक थेंब पिळला. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. आंबट लागले की त्याची झिलई जाते आणि फिकट डाग उमटतो. लिंबू, चिंच, ताक, सगळे त्याचे वैरी. संगमरवराचेही तेच. आपल्या डोंगरातला काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा झालेला, त्याला लिंबाचे काही वाटत नाही. अजिंठ्याच्या खोल्या त्याच दगडातल्या. तेव्हा ओटा काळ्या पाषाणाचा ठरला, आरशासारखा न घोटता नुसता गुळगुळीत केलेला, म्हणजे दिव्याची तिरीप डोळ्यांत जात नाही. एक अडचण सांगून ठेवतो: हा दगड वजनदार. दोन इंच जाडीचा एक चौरस फूट तुकडा सुमारे चौदा किलो भरतो. खाली लाकडी कपाट नुसते ठेवून भागत नाही, विटांचे पक्के पाय घ्यावे लागतात. शेगडीमागेही दोन फूट उंचीपर्यंत तोच दगड लावावा. बाकी भिंतीस चुन्याचा गिलावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनत जातो, आणि त्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशी धरत नाही. त्याचा पांढरा रंग तेलरंगासारखा थंड नसतो. तेल उडेल तेथे मात्र चुना काळवंडतो, म्हणून दगड.

जुनिचिरो तानिझाकी ह्या कादंबरीकाराने १९३३ मध्ये सावल्यांच्या स्तुतीपर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विजेच्या दिव्यांनी जपानी घराची मजा घालवली, लाखेची भांडी मंद उजेडातच खुलतात, असे त्याचे म्हणणे. पितळेच्या डब्यांविषयी मला ते पटते. संध्याकाळी पिवळसर दिव्यात मिसळणाचा डबा जसा दिसतो तसा भगभगीत पांढऱ्या नळीखाली दिसत नाही. पण विळीवर भाजी चिरताना सावली नको! ओट्यावर, हाताच्या समोरून, स्वच्छ उजेड हवा. खोलीत इतरत्र काय सावल्या ठेवायच्या त्या खुशाल ठेवा.

राहिली मापे. बाजारी ओटा चौतीस ते छत्तीस इंच उंच असतो, कारण त्याचा हिशेब उंच माणसांचा. जपानी लोकांचा एक सोपा ठोकताळा आहे: स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावी, अर्धी करावी, त्यात पाच मिळवावे. आपल्या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ओटा ८१ सेंटिमीटर, सुमारे बत्तीस इंच. चार इंच उंच ओट्यावर रोज तास-दीड तास खांदे उचलून पोळ्या लाटल्या तर मान आणि खांदे बोलू लागतात, आणि दोष वयाला दिला जातो. भाकरी थापण्यास तर शरीराचा भार हातावर यावा लागतो, तेव्हा ती जागा आणखी तीन-चार इंच खाली पाहिजे. म्हणून ओटा एकाच पातळीत, एकाच लांब रेषेत नको. चित्रातली ती सलग रेघ मोडली म्हणून मुलगा थोडा हिरमुसला. मी त्याला म्हटले, आईची उंची मोज आणि मग मला सांग.

एक गोष्ट मात्र मी जपानकडून आनंदाने घेतली. तेही जमिनीवर बसणारे लोक. त्यांच्या नव्या घरांतून खोलीच्या एका भागात सोळा-सतरा इंच उंचीचा लाकडी चौथरा करतात, वर चटई, खाली खण. काकूंचे गुडघे दुखतात. जमिनीवर बसणे-उठणे होत नाही, आणि उभे राहून विळी चालवता येत नाही. खिडकीपाशी असा सागवानी चौथरा केला. त्यावर टेकून बसता येते, मांडी घालता येते, विळी मांडता येते. खालच्या खणांत वर्षाच्या कुरडया, पापड, शेवयांचे डबे. तो चौथरा मिझुया झाला आणि बसण्याची जागाही झाली. पाट्या-वरवंट्याला मोरीजवळ वेगळा खालचा दगड ठेवला.

भांड्यांचा निकाल कसा लावला तेही सांगतो. काकू आणि त्यांची सून, दोघींना मी आठवडाभर एक काम दिले: हात लागलेले प्रत्येक भांडे रात्री एका बाजूस मांडायचे. आठवड्याअखेर दोन ढीग झाले. रोजचा ढीग लहान होता. तो उघड्या फळ्यांवर आणि खुंट्यांवर, हाताच्या टप्प्यात आला. सणासुदीची पातेली, मांड्यांचे खापर, लग्नात आलेली स्टीलची अगणित भांडी कोठीच्या खोलीत गेली. कोणतेही टाकून द्या असे मी म्हटले नाही. तसे म्हटले असते तर मला चहा मिळाला नसता.

खर्च झाला, हे मी लपवीत नाही. दगड घडवणे, जुने सागवान चिरणे, सुताराचे दोन महिने, हे सगळे तयार कपाटांपेक्षा महाग पडते. ज्यांना तेवढे शक्य नाही त्यांनी उंचीचे माप, वरची झडप आणि सिलिंडरची जागा, एवढ्या तीन गोष्टी तरी कराव्या. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्या घरी माझे जेवण होते. झडपा उघड्या होत्या, पुरणाचा वास बाहेर अंगणात येत होता. आत चौथऱ्यावर काकू बसल्या होत्या, सून खालच्या ओट्यावर पोळी लाटत होती, आणि मुलगा शेगडीपाशी उभा राहून ती भाजीत होता. रिकाम्या ओट्यावर ठेवण्यासाठी त्याने जपानातून आणलेले मातीचे भांडे मी शोधत होतो. त्यात काकूंनी मीठ भरून ठेवले होते.